केलनियातला पहिला आठवडा

"धर्म शिकायला इतक्या दूर कामून जाता रे? धर्म काय तिकडं पिकतो व्हय?"

हा प्रश्न आमच्या वस्तीतल्या एका मावशीने विचारला. हिंगोलीच्या बसस्टँडवर नांदेडच्या एस.टी.च्या खिडकीशी ती उभी होती. गाडी सुटायला दोन मिनिटे होती. आम्ही दोघे मित्र खिडकीत बसलो होतो आणि आमच्यापैकी एकालाही उत्तर सुचले नाही. कंडक्टरने घंटी दिली, मावशीने हात जोडून 'जयभीम' केला आणि प्रश्न तिथेच राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचा परदेशातला पहिला आठवडा गेला. त्या आठवड्याची ही हकिकत आहे.

ही गोष्ट जून २०११ ची. आम्ही दोघेही हिंगोली जिल्ह्यातले, एक कळमनुरी तालुक्यातला, दुसरा वसमत तालुक्यातला. आम्ही जन्मलो तेव्हा हा जिल्हाही नव्हता. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. आमच्यापैकी एकाचे वडील मोंढ्यात हमाल. दुसऱ्याच्या घरी गायरानाची दोन एकर जमीन, आणि वर्षातले चार महिने आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला आणि शिजवायला. दोघांच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेले आम्हीच पहिले. नागसेनवनात शिकताना पालीची तोंडओळख झाली आणि तिचा नाद लागला. श्रीलंकेत केलनियाला जाऊन बौद्ध धम्माचा रीतसर अभ्यास करावा, असे मनाने घेतले. शिष्यवृत्ती काही आमच्या वाट्याला आली नाही. एका भन्तेंच्या ओळखीने तिथल्या विहाराच्या आवारात राहायची सोय मात्र झाली.

तिकिटाचे पैसे कुठून आले ते सांगितले पाहिजे, कारण घरोघरी हाच प्रश्न असतो. एका घरी आईच्या कानातली फुले गेली. दुसऱ्या घरी सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. मृग लागला होता, आभाळ भरून येत होते, आणि बाप पेरणीचे पैसे पोराच्या हातात ठेवत होता. "पेरणीच हाय ही बी," एवढेच तो बोलला. नातेवाईक म्हणत होते की डी.एड. करा, पोलीस भरतीला उभे राहा, धर्माने पोट भरत नसते. त्यांचे बोलणे खोटे नव्हते. म्हणूनच छातीवर ओझे होते.

नांदेडहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून चेन्नई आणि चेन्नईहून विमान. विमानात बसायची पहिलीच वेळ. पट्टा कसा लावायचा हे शेजारच्या माणसाचे पाहून केले. चहाचे पैसे पडतात की काय या भीतीने चहा नको म्हणालो आणि तो फुकट होता हे मागाहून कळले. नांदेड ते चेन्नईला जेवढा वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्श्यात समुद्र ओलांडून कोलंबो आले. शुक्रवार होता, १० जून.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहून विचारले, कशाला आलात? आम्ही म्हणालो, बौद्ध धम्म शिकायला. त्याने मान वर केली. "इंडिया? हिंदू?" आम्ही म्हणालो, "नाही, बौद्ध." "इंडियात बौद्ध आहेत?" त्याने हसून विचारले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण आम्हाला धक्का बसला. आमच्या आजोबांनी १९५६ नंतर गावाचा बहिष्कार सोसून जो धम्म धरून ठेवला, तो आमच्याकडे आहे हेच इथे ठाऊक नव्हते. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. श्रीलंकेची सगळी लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आसपास, त्यात शंभरात सत्तर बौद्ध. आमची संख्या काही थोडी नव्हे. पण त्या अधिकाऱ्याच्या खिडकीपुढे आम्ही दोघेच होतो.

विमानतळापासून केलनियापर्यंत आम्ही बसच्या खिडकीतून डोळे फाडून पाहत होतो. चौकाचौकात काचेच्या पेटीत बुद्धमूर्ती. बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्ध, दुकानात बुद्ध, शाळेच्या फाटकात बुद्ध. आमच्याकडे एक मूर्ती बसवायची म्हटले की जागेचा वाद, ग्रामपंचायतीचा ठराव, दोन बैठका आणि बंदोबस्त. इथे कुणाला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. आमच्यापैकी एकाला तर रडूच आले. दुसऱ्याने त्याला खिडकीकडे तोंड करायला सांगितले.

शनिवारी खोली लावली. बॅगेतून दोन फोटो काढले, एक तथागतांचा आणि एक बाबासाहेबांचा. आपल्या घरात हे दोन फोटो शेजारी शेजारीच असतात, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पण संध्याकाळी विहाराचे प्रमुख भन्ते आमची विचारपूस करायला आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढचे. सुटाबुटातल्या, चष्मा लावलेल्या त्या फोटोकडे बोट करून त्यांनी इंग्रजीत विचारले, "हे गृहस्थ कोण? तुमचे वडील?"

आमच्यापैकी एक म्हणाला, "नाही." दुसरा म्हणाला, "होय."

भन्ते हसले. मग आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासभर सांगत राहिलो. महाडचे पाणी सांगितले, येवल्याची घोषणा सांगितली, १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर सांगितले. बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात याच श्रीलंकेत, कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते, हेही सांगितले. धम्म इथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात किती उतरला आहे, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते. भन्ते शांतपणे ऐकत होते. उठताना ते म्हणाले, "मग तुम्हीही तेच करा. नीट पाहा." हे वाक्य त्या वेळी आम्हाला साधे वाटले.

आता जेवणाचे. वाचकहो, हसू नका, पण परदेशातल्या पहिल्या आठवड्यात निम्मे दुःख पोटाचे असते. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. सोबत नारळ, तिखट आणि सुकवलेल्या मासळीचा वास. डाळीला 'परिप्पु' म्हणतात, तीही नारळाच्या दुधातली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला हे काही केल्या मानवेना. आईने बांधून दिलेली जवसाची चटणी आणि धपाटे तीन दिवस पुरले. चौथ्या दिवशी चटणीच्या डब्याला बोट फिरवून चाटले.

त्या रात्री आम्हाला बाबासाहेबांची आठवण झाली. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, वय २२ वर्षांचे. हार्टले हॉल नावाच्या वसतिगृहात त्यांनी पहिला आठवडा काढला. तिथले अर्धेकच्चे, गोमांसाचे जेवण त्यांना जाईना. म्हणून ते हिंदी विद्यार्थ्यांच्या क्लबात राहायला गेले आणि पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. आपण त्यांच्या पदव्या पाठ करतो. पण त्या पदव्यांच्या आधी एक आठवडा अर्धपोटी होता, हे पोरांना कुणी सांगत नाही. आम्हाला त्या रात्री पदव्यांपेक्षा त्या आठवड्याचाच आधार वाटला.

दुसरी आठवण धर्मानंद कोसंबींची. गोव्यातल्या सांखवाळ गावचा हा माणूस. बालबोध मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्यांना ध्यास लागला. घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया असे हिंडत १९०२ मध्ये ते कोलंबोला पोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसून पाली शिकले. आधीच खिशात पैसा नाही, त्यात तिथले अन्न त्यांनाही मानवले नाही. पुढे हेच कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले, अमेरिकेत हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या कामाला लागले आणि मराठीत बुद्ध लिहून गेले. त्यांनाही बडोद्याच्या महाराजांनी काही काळ दरमहा मदत दिली होती. आमच्यामागे कुठला महाराजा नव्हता. एक हमाल होता आणि एक सोयाबीनवाला होता.

रविवारी सकाळी खिडकीतून पाहतो तो पांढऱ्या कपड्यातल्या लेकरांची रांग विहाराकडे चालली होती. मुलींच्या वेण्या, मुलांचे पांढरे सदरे, हातात वह्या. इथे दर रविवारी विहारात लेकरांची धम्मशाळा भरते. वर्गवार पुस्तके असतात, परीक्षाही असते. शिकवायला गावातलेच तरुण-तरुणी, बहुतेक विनावेतन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांच्या शाळांना उत्तर म्हणून ही रीत सुरू झाली आणि अजून टिकून आहे. आमच्या गावच्या विहाराची आठवण झाली. कुलूप जयंतीला उघडते, वर्षावासात ग्रंथवाचनाला उघडते, आणि एरवी ओट्यावर पत्ते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे ते लिहिले पाहिजे.

दुपारी आम्ही केलनियाच्या प्रसिद्ध महाविहारात गेलो. तथागत स्वतः इथे आले होते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. मोठा पांढरा स्तूप, बोधिवृक्ष, भिंतीवर सुंदर चित्रे. फुलांची तबके घेऊन लोक शांतपणे उभे. फुलाला त्यांच्या भाषेत 'मल' म्हणतात हे ऐकून आम्हाला हसू आवरेना. भाताला 'बत', मिठाला 'लुणु', गावाला 'गम', नावाला 'नम'. लांबची का होईना, ही आपलीच बहीण-भाषा, हे ऐकता ऐकता लक्षात येते. मन अगदी भरून आले होते.

आणि त्याच आवारात आम्हाला विष्णू दिसला.

विहाराला लागूनच देवालय होते. त्यात विष्णू, तिथेच विभीषण, शिवाय कतरगमचा देव. लोक बुद्धाला फुले वाहून झाली की तिकडे नारळ-फळांची ताटे घेऊन जात होते. आम्ही दोघे पायऱ्यांवरच थबकलो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा आठवली. आमच्या आजीने घरातले देव एका टोपलीत घालून कयाधूत सोडले होते. तिच्या सासूने त्यापायी तिच्याशी वर्षभर बोलणे टाकले होते. आणि इथे बावीसशे वर्षांच्या बौद्ध देशात विष्णू विहाराच्या दाराशी!

बरोबरचा एक सिंहली विद्यार्थी आमचे चेहरे पाहून म्हणाला, "बुद्धाकडे निर्वाणासाठी जायचे, देवाकडे परीक्षेच्या निकालासाठी." तो अर्धा थट्टेत बोलला. आम्ही हसलो नाही.

सोमवारी पहिला वर्ग. केलनियाचे विद्यापीठ १८७५ साली स्थापन झालेल्या विद्यालंकार परिवेणातून वाढले. परिवेण म्हणजे भिक्खूंचे विद्यालय. राहुल सांकृत्यायन आणि भदन्त आनंद कौसल्यायन इथेच शिकले. कौसल्यायन पुढे नागपूरला राहिले. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्यांनी अनुराधापूरहून आणलेल्या फांदीचा. ही जागा आमच्या घराशी आधीपासून जोडलेली होती, हे आठवून धीर आला.

पण धीर फार वेळ टिकला नाही. सरांनी फळ्यावर पाली लिहिले ते सिंहली लिपीत. जिलब्यांसारखी गोल गोल अक्षरे. पालीला स्वतःची लिपी नाही. थायलंडात ती थाई लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत लिहितात. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. प्रत्यक्ष फळ्यापुढे बसल्यावर मात्र आम्ही अक्षरशः निरक्षर झालो. शाळेत पहिल्या दिवशी पाटीपुढे बसलेला आपला बाप आठवला, ज्याची शाळा दुसरीतच सुटली.

सरांच्या ते ध्यानात आले. त्यांनी फळा पुसला आणि म्हणाले, "तुम्हाला जे येते ते म्हणा." आम्ही उठून उभे राहिलो आणि त्रिशरण-पंचशील म्हटले. आमच्या वस्तीतल्या विहारात, लग्नात, मयतीच्या घरी, नामकरणात जसे म्हणतो अगदी तसे. दुसऱ्याच ओळीला मागून आवाज येऊ लागले. सिंहली मुले, थाई भिक्खू, व्हिएतनामची एक भिक्खुणी, बांगलादेशचे दोघे, सगळा वर्ग आमच्याबरोबर म्हणत होता. चाली वेगळ्या, शब्द तेच. आमच्या आईला 'वेरमणी' नीट म्हणता येत नाही, ती 'येरमनी' म्हणते. लहानपणी आम्ही तिला हसायचो. त्या दिवशी वर्गात उभे राहून 'वेरमणी' म्हणताना कानात तिचाच आवाज होता. अक्षर न वाचता येणाऱ्या आईने आम्हाला पालीचा पहिला धडा दिला होता आणि आम्हाला ते केलनियात कळले.

सरांनी नंतर आमचे चार उच्चार सुधारले. तेही बरोबरच होते.

मंगळवारी दुसरा धक्का बसला आणि तो विष्णूपेक्षा मोठा होता. एका सुखवस्तू उपासकाने आम्हाला घरी चहाला बोलावले होते. माणूस प्रेमळ. बोलता बोलता त्याने विचारले, "इंडियात तुमची माणसे कोणत्या जातीची?" आम्ही विचारले, बौद्धांना कसली जात? तो म्हणाला, तसे काही नाही, सहज विचारले. परत येताना एका तरुण भिक्खू विद्यार्थ्याने आम्हाला ते उलगडून सांगितले. श्रीलंकेत भिक्खूंची दीक्षापरंपरा मध्यंतरी तुटली होती. ती जोडायला सयामहून उपाली नावाचे थेर आले आणि १७५३ मध्ये कँडीला पुन्हा उपसंपदा सुरू झाली. तो सियाम निकाय. पण पुढे त्याचे दार फक्त गोविगम या शेतकरी उच्च जातीलाच उघडे राहिले. ज्यांना नाकारले गेले ते समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातल्या अमरपूरला गेले, १८०० साली तिथे उपसंपदा घेऊन आले आणि त्यांचा अमरपूर निकाय झाला. १८६४ मध्ये तिसरा, रामञ्ञ निकाय.

आम्ही ऐकत होतो आणि पाय जड होत होते. बुद्धाने उपाली नाव्ह्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, त्यांनी त्याला वंदन करावे म्हणून. रस्ते झाडणाऱ्या सुनीताला संघात घेतले. हे आम्ही जयंतीच्या भाषणात लहानपणापासून ऐकत आलो. आणि उपाली याच नावाच्या थेरांनी जोडून दिलेल्या परंपरेत पुढे जात शिरावी! त्या रात्री आम्ही दोघे जेवलो नाही. एक म्हणाला, "परत जाऊ. पेरणीला हातभार तरी लागंल." दुसरा काही बोलला नाही, पण त्याच्याही मनात तेच होते. बॅग भरायला फार वेळ लागला नसता.

भन्तेंनी आम्हाला ओसरीवर बसलेले पाहिले. आम्ही सगळे सांगितले, विष्णूपासून निकायापर्यंत. वाटले, रागावतील. ते म्हणाले, "हा आमचा रोग आहे. बुद्धाने दिलेला नाही, आम्ही वाढवला. तुमच्या भिंतीवरचे ते गृहस्थ इथे आले होते तेव्हा त्यांनाही हे दिसलेच असेल. तरी त्यांनी सहा वर्षांनी दीक्षा घेतली. का घेतली असेल, याचा विचार करा." एवढे बोलून ते उठले.

आम्ही विचार केला. बाबासाहेब भोळेपणाने बुद्धाकडे गेले नव्हते. येवल्याची घोषणा १९३५ ची, दीक्षा १९५६ ची. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्म पारखले, देश पाहिले, ग्रंथ वाचले. १९५० मध्ये कँडी, १९५४ मध्ये रंगून. बौद्ध देशांतले देव, जाती, आळस, कर्मकांड त्यांच्या नजरेतून सुटले असेल काय? म्हणून तर दीक्षा देताना त्यांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या घालून दिल्या. धम्म घेतला, पण निवडून, पाखडून घेतला. आपल्या आया सुपात धान्य घेऊन तेच करतात. खडे निघाले म्हणून कुणी पोते फेकून देत नाही, आणि पोते आपले आहे म्हणून कुणी खडे शिजवत नाही.

बॅग भरली नाही.

बुधवारी, १५ जूनला, पोसोन होता. पोसोन म्हणजे आपली ज्येष्ठ पौर्णिमा. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर याच पौर्णिमेला भारतातून लंकेत धम्म घेऊन आले, असे तिथे मानतात. बावीसशे वर्षांपूर्वी जे आमच्याकडून गेले ते परत मागायला आम्ही त्याच आठवड्यात दारात उभे होतो. सगळा देश पांढऱ्या कपड्यांत होता. आम्हीही आमचे पांढरे सदरे घातले. त्या गर्दीत क्षणभर नागपूरच वाटले. १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या सांगण्यावरून लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. आमच्या आजीची ती पांढरी साडी पत्र्याच्या पेटीत अजून जपलेली आहे.

दुपारी प्रवचनात भन्तेंनी महेंद्रांची गोष्ट सांगितली. मिहिंतलेच्या डोंगरावर राजा देवानंपिय तिस्स शिकारीला आला होता. महेंद्रांनी त्याला लगेच उपदेश केला नाही. आधी प्रश्न विचारले. हे कोणते झाड? आंब्याचे. याखेरीज आंब्याची झाडे आहेत? पुष्कळ. आंब्याखेरीज दुसरी झाडे आहेत? पुष्कळ. ती आंब्याची आणि ही दुसरी सगळी झाडे सोडली, तर आणखी कोणते झाड उरते? राजा म्हणाला, हेच समोरचे आंब्याचे झाड. मग महेंद्रांना कळले की या माणसाला विचार करता येतो, याला धम्म सांगायला हरकत नाही. लंकेत धम्म आला तो असा, आधी डोके तपासून. गोष्ट संपल्यावर भन्तेंनी गर्दीत आमच्याकडे पाहिले, की आम्हाला तसे वाटले, कोण जाणे.

संध्याकाळी रस्तोरस्ती कागदी कंदील आणि 'दानसल'. दानसल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, चहा. वस्तीतली माणसे वर्गणी काढून मांडव घालतात. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे रिक्षावाला, मागे मोटारीतून उतरलेले कुटुंब. वाढणारा प्रत्येकाला दोन्ही हातांनी वाढत होता. कुणी कुणाला नाव विचारले नाही. आमचे आजोबा पाटलाच्या वाड्यावरच्या लग्नात पंगती उठेपर्यंत लांब उकिरड्याजवळ बसून राहायचे, हे आम्ही ऐकत मोठे झालो. मंगळवारी ज्या देशाने आम्हाला जात विचारली, त्याच देशाने बुधवारी न विचारता दोन्ही हातांनी ताट दिले. दोन्ही खरे होते. आम्ही पोटभर जेवलो. नारळाची डाळ त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागली.

रात्री घरी फोन लावला. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते.

"पाऊस हाय का तिकडं?" आईने पहिले हेच विचारले.

"रोज पडतो. आपल्याकडं?"

"ढगं येऊन चाललेत. पेरणीजोगा नाही अजून. बियाणं उधारीवर घेतलं, तू काळजी करू नको. जेवलास का?"

"जेवलो. तुम्ही?"

"जेवलो की. गावात सगळे गिराण म्हणून दुपारपासून उपाशी बसलेत. आपल्या वस्तीत मात्र घरोघरी चुली पेटल्या. तुझ्या आजीनं तर मुद्दाम पुरणाचं केलं." ती हसली. मग थोडे थांबून तिने विचारले, "तिथली माणसं आपल्यासारखंच पंचशील म्हणतात का रे?"

"तसंच म्हणतात, माय. शब्द न् शब्द तोच."

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मग बरंय."

आम्ही शिकायला आलो होतो पुस्तक. पण ग्रहणात चूल पेटवणारी आई आणि देव नदीत सोडणारी आजी या दोघींनी न शिकता जे धरून ठेवले, ते त्या सुंदर महाविहाराच्या दाराशी आम्हाला दिसले नव्हते. आणि त्या देशातली रविवारची शाळा, पौर्णिमेचे शील, भिक्खूंचे पाठांतर, रांगेतल्या अनोळखी माणसाला वाढणारे दोन हात, हे आमच्या वस्तीत नव्हते. त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याला हवे आणि आपल्याकडे जे आहे ते त्यांनाही सांगितले पाहिजे, एवढे त्या आठवड्यात कळले. गुरुवारी सकाळी आम्ही सिंहली बाराखडीची पाटी घेऊन बसलो.

त्या वर्षीची पेरणी उधारीवरच झाली आणि ते देणे फिटायला पुढची दोन वर्षे लागली. आमचे शिक्षण पुरे झाले. आता एक जण पाली शिकवतो. दुसरा दुसऱ्याच नोकरीत आहे, पण दर रविवारी सकाळी गावच्या विहाराचे कुलूप तो उघडतो. पांढऱ्या कपड्यातली वीस-पंचवीस लेकरे येतात. ओट्यावरचे पत्ते पूर्ण बंद झालेले नाहीत, रविवारी सकाळी मात्र बंद असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा लेकरांना पेढे वाटले आणि सांगितले की तुमच्या आज्या जी भाषा न शिकता बोलत आल्या, ती ही.

ज्या घरातले मूल असे बाहेर शिकायला निघाले असेल, त्या आई-वडिलांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. जवसाची चटणी जास्त द्या. पहिल्या आठवड्यात पोर रडत फोन करील, लगेच 'ये' म्हणू नका. आणि बॅगेत दोन्ही फोटो ठेवा. तिथे कुणीतरी नक्की विचारील, हे गृहस्थ कोण म्हणून.

मावशी अजून आहे. विहाराच्या ओट्यावर बसून ती आमच्या लेकरांचे पंचशील ऐकते. परवा तिने पुन्हा छेडले, "काय रे, धर्म तिकडं पिकतो का मग?"

"पिकतो, मावशी," आम्ही म्हणालो. "पण बी इथलंच हाय."

"मग पेरा की," ती म्हणाली, आणि लेकरांना गप्प बसवायला उठली.